सराव पाठ, एकविसावा

लेंगऱ्याची शाळा, नववी ब, तास चौथा.
घटक: आम्ले आणि आम्लारी.
टाचण रात्री तीनदा लिहिलं होतं,
समास लाल शाईनं, उद्दिष्टं सात,
प्रत्येकापुढं एक क्रियापद
जे बघता येईल, मोजता येईल असं:
विद्यार्थी सांगतो, विद्यार्थी फरक स्पष्ट करतो.
विद्यार्थ्याला कळतं, असं लिहायचं नसतं.
कळलेलं दिसत नाही, म्हणतात बेडगकर मॅडम.

त्या मागच्या बाकावर, वही उघडून.
विसाव्या पाठाखाली त्यांचा शेरा होता:
फळ्याकडे तोंड फार वेळ. पदर आवरा.
आवाज तिसऱ्या बाकाशी संपतो.

चार वर्षांचा अभ्यासक्रम हा,
बीएस्सी आणि बीएड एकाच दोरीत वळलेलं.
सव्वासहाची विटा–सांगली,
तासगावपर्यंत उभ्यानं,
पुढं जागा मिळालीच तर मांडीवर जर्नल.
साडी पहिल्यांदा नेसले ती सूक्ष्म अध्यापनाला,
सहा मिनिटं,
समोर मैत्रिणी आठवीतल्या मुली झाल्याचं नाटक करत
आणि मी मॅडम झाल्याचं.

इथं कुणी नाटक करत नाही.
लिंबू पिळलं, निळा लिटमस तांबडा झाला,
सगळं टाचणाप्रमाणं,
आणि अठराव्या मिनिटाला खिडकीकडचा सिद्धनाथ उठला:
मॅडम, चांदी तेजाबात जाते,
मग सोनं का जात न्हाई?

ते दहावीत आहे, मी म्हटलं.
म्हटलं आणि जीभ चावली.
हे वाक्य ओळखीचं होतं.
याच तालुक्यात, अशाच खिडकीशी
सहा वर्षांपूर्वी मला मिळालेलं,
आणि मी खाली बसले होते.
तोही बसायला लागला होता.

थांब. तेजाब कुठं बघितलंस?
पप्पांकडं. सेलमला.
आणखी कुणाचे वडील गलाईत?
बेचाळीसपैकी एकोणीस हात.
मदुराई, वारंगळ, कटक, कुठलं कुठलं,
एक मुलगी म्हणाली, गाव ठाऊक नाही, दोन दिवस लागतात.

टाचण पालथं ठेवलं.
माझ्या वडिलांची बोटं सांगितली,
नखांपाशी पिवळी, साबणानं न जाणारी.
लहानपणी वाटायचं, सोन्याचा रंग लागतो.
तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात कळलं,
प्रथिनावर नायट्रिक पडलं की पिवळं,
आणि कातडी म्हणजे प्रथिन.
निरीक्षण लिहिलं, अनुमान लिहिलं, सही घेतली,
मग बराच वेळ व्हरांड्यात उभी राहिले.
(हे शेवटचं वर्गात सांगितलं नाही.)

सांगितलं ते एवढं: नायट्रिक चांदी खातं, तांबं खातं,
सोनं तळाशी राहतं,
तपकिरी, चिखलासारखं, बघणाऱ्यानं फेकून द्यावं असं.
मुशीत तापलं की मग पिवळं.
पण त्यात हायड्रोक्लोरिक मिसळलं तर तेही जातं.
किती मिसळायचं?
वर्ग गप्प. सिद्धनाथ खाली बघत:
तीनास एक.
आम्लराज नववी ब ला आधीच येत होतं,
मी फक्त त्याचं नाव फळ्यावर लिहिलं.

घंटा झाली. दोन उद्दिष्टं राहिली, गृहपाठ राहिला.
शेरा: टाचण सोडलं. वेळेचं नियोजन नाही.
आवाज माझ्यापर्यंत आला.

अजून नऊ पाठ, एक सत्र,
पात्रता परीक्षा, मग जाहिरातीची वाट,
तेव्हा कुठं एखादा कागद मला
विज्ञान शिक्षिका म्हणेल.
परतीच्या गाडीत शेवटचा रकाना भरला. संदर्भ:
विज्ञान, इयत्ता नववी, पाठ्यपुस्तक.
त्याखाली: महिपती हसबे, वारंगळ.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं पेन तिथं थांबलं.
हे लेखक कोण? प्रकाशन?
म्हटलं, सातवीपर्यंत. विटा सोडून तीस वर्षं झाली.
त्यांनी खोडलं नाही.
सही तेवढी जरा बाजूला सरकवून केली.